आवाज संपला, तोंड हलत राहिलं

गाणं संपलं तरी माझ्या बहिणीचं तोंड हलतच होतं.

तिचं तेरावं होतं. जेवणं उठली होती, पत्रावळ्या अजून गोळा व्हायच्या होत्या. तिच्या लेकानं जालन्याहून मोठा टीव्ही आणून ओसरीत टेबलावर ठेवला आणि फोटोवाल्यानं नुकताच पाठवलेला नातीच्या लग्नातला व्हिडिओ लावला. लग्नाची हळद दळताना बहिणीनं ओव्या गायल्या होत्या. त्या सगळ्यांनी एकदा ऐकाव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं. पहिली ओवी बरी गेली. दुसरीला आवाज पुढं निघून गेला आणि तोंड मागं राहिलं. पुढं पुढं तर आवाज एक म्हणत होता आणि तोंड दुसरंच. मग आवाज थांबला. मागं नुसती जात्याची घरघर. आणि बहीण आपली तोंड हलवतेय, सावकाश, म्हशीनं रवंथ करावं तसं.

आधी पोरं हसली. मग मोठ्यांतला एक जण म्हणाला, "म्हातारी पान चघळून राह्यली का काय?"

दुसरा म्हणाला, "न्हाई रे, वरून बोलून राह्यली. आपल्यालाच ऐकू येईना."

मग सगळीच हसली. पोट भरलेल्या माणसाला हसू लवकर येतं.

मी त्या पहिल्याला म्हणाले, "तुझी माय गेली तवा मीबी आल्ते जेवायला. हसले का?"

तो खाली बघायला लागला. पण हसू एकदा सुटलं की ते कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही. मागं बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. चित्रच तसं होतं. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मीही हसले असते.

बहिणीची लेक, म्हणजे माझी भाची, चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला ऐकू येत नाही. समोरच्याचं तोंड बघून ती बोलणं समजून घेते. तिला आधी हसणारी तोंडं दिसली, मग टीव्ही दिसला. ती दोन पावलं पुढं आली आणि आईच्या तोंडाकडं बघू लागली. तेवढ्यात चित्र बदललं आणि नवरी केस उडवत चालत आली, तीही हळूहळू, वाऱ्यावर तरंगल्यासारखी. भाचीच्या भावानं वायर ओढली. टीव्ही काळा झाला.

भाची माझ्यापुढं येऊन बसली आणि तिनं खुणेनं विचारलं, का हसले?

मी तोंड मोठं करून सांगितलं, "आवाज संपला. तोंड चालूच."

मग तिनं हनुवटीला बोट लावलं. बहिणीच्या हनुवटीवर गोंदण होतं, म्हणून हनुवटीला बोट लावलं की 'आई'. मग आपल्या छातीवर हात ठेवला आणि ओठ हलवले. आई माझ्याशी बोलत होती का?

मी म्हणाले, "न्हाई गं. मशीन बिघडलं."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. सगळे पांगले तरी ती बंद टीव्हीसमोर बसून होती.

भाचीचे कान ती तीन वर्षांची असताना तापात गेले. तोवर ती 'आई', 'पाणी', 'जेव' असे चार-दोन शब्द बोलायला शिकली होती, तेवढेच तिच्या तोंडात राहिले. शाळा नाही, काही नाही. बहिणीनं तिला समोर बसवून आपलं तोंड बघायला शिकवलं. भाकरी थापताना, कापूस वेचताना, न्हाऊ घालताना, सारखं तिच्याकडं तोंड करून बोलायचं. बहिणीची सासू म्हणायची, "भिंतीशी काय बोलून राह्यली? तिला का ऐकू येतंय?" रोज तेच ऐकून बहिणीनं आवाज बंद केला. नुसते ओठ हलवायची. पोरीला आवाजाचं काही काम नव्हतंच. तेव्हापासून दोघींचं बोलणं असंच, बिनआवाजाचं. घरात दहा माणसं बसलेली असली तरी त्या दोघी आपसात बोलून घ्यायच्या आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. बरेचदा त्या आमच्याबद्दलच बोलत असाव्यात, कारण भाची मधेच माझ्याकडं बघून हसायची. माझी खूण तिनं कपाळाला आठ्या घालून केलेली आहे. ती बराबर आहे.

मुकी पोर लांब कशी द्यायची, म्हणून बहिणीनं तिला गावातच दिली. चार घरं सोडून. भाचीची लेक मोठी झाली, तिचं लग्न उन्हाळ्यात झालं.

आता हळद कुणी दळत नाही. पुडा आणतात. पण मुहूर्ताची म्हणून मूठभर जात्यावर दळावीच लागते, आणि गल्लीत जातं एकच उरलेलं आहे. ते धुऊन, कुंकू लावून अंगणात मांडलं. खुंट्याला हात सवाशिणींनीच लावायचा. भाची नवरीची आई, नवरा जिवंत, म्हणून ती जात्यावर बसली, आणि तिच्यासमोर तिची जाऊ. बहीण विधवा, तिला खुंट्याला हात लावता येत नव्हता. पण ओव्या बाकी कुणालाच येत नव्हत्या. म्हणून असं ठरलं, की दळायचं त्यांनी आणि गायचं हिनं, भिंतीशी बसून. म्हणजे भाचीच्या पाठीमागं.

बहीण मला म्हणाली, "बघ, हात चालत न्हाई माझा, पण गळा चालतो."

मी म्हणाले, "गळ्याला नवरा लागत न्हाई."

ती हसली. दात उरले नव्हते तरी चांगलं हसायची.

फोटोवाला कुंभार पिंपळगावचा. त्याचा बापही लग्नांत फोटो काढायचा. घरी उर्दू बोलतात, आम्हाला खाला म्हणतात, म्हणजे मावशी, आणि भाचीला आपा, म्हणजे ताई. तो चाळिशीचा आहे, दाढी पांढरी व्हायला लागलीय, कामाला चांगला आहे. त्याच्याजवळ एक कॅमेरा होता, आणि आता कोण कुठं बसणार ते बघून त्यानं मेहुण्याकडून आणलेला दुसराही काढला. आपला कॅमेरा हातात धरून तो जात्याभोवती फिरणार होता, आणि दुसरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून बहिणीच्या तोंडावर लावला. बहिणीच्या पदराला त्यानं बारका काळा माइक टोचला.

बहीण म्हणाली, "हे काय, इंचू लावला का मला?"

"इंचू न्हाई खाला, माइक हाय. आवाज बिलकुल साफ येतो."

"माझा आवाज साफच हाय. तू तुझे कान साफ कर."

मग ती गायली.

हळद दळीता बाई, पिवळं झालं जातं
नातीच्या सासरी, जोडलं नवं नातं

अशा बऱ्याच म्हटल्या. काही जुन्या, काही तिथंच जुळवलेल्या. मी तिच्याशेजारीच बसले होते, पण माझं लक्ष दारात येणाऱ्या पाहुण्यांकडं होतं. गाणं संपलं तसं मी उठून गेले. तिच्या मांडीजवळ एक ताट होतं, दुसऱ्या ताटानं झाकलेलं, एवढं मला आठवतं. कारण संध्याकाळी ते मीच उचललं. आत भाकर आणि पिठलं होतं, वाळून गेलेलं. कुणी ठेवलं, कुणासाठी, मी विचारलं नाही. कुत्र्याला टाकलं.

लग्न होऊन दीड महिना झाला आणि बहीण गेली. सकाळी चुलीवर चहा ठेवला आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. भाची रोजच्यासारखी तिच्याकडं आली, तर चहा आटून भांडं जळत होतं. तिनं भांडं उतरवलं. आईचं तोंड थोडं उघडं होतं. भाचीला वाटलं ती काहीतरी सांगतेय. ती समोर बसली आणि पुढचं बोलायची वाट बघत राहिली. शेजारीण जळका वास आला म्हणून डोकावली, तेव्हा कळलं.

म्हणून सांगते, तेराव्याला भाचीनं जे विचारलं ते खुळ्यासारखं नव्हतं. आईचं तोंड हललं म्हणजे ते आपल्याशी बोलतंय, हे तिला चाळीस वर्षांत शिकवलेलं होतं. टीव्हीवर ते हललं आणि तिला वाचता आलं नाही. तोंड हळू होतं, आणि पुरतं बघायच्या आत नवरी मधे आली. तिला ते पुरं बघायचं होतं. बाकी तिला काही नको होतं. आईचं लुगडं नको, पाटल्या नको.

भाच्यानं फोटोवाल्याला फोन लावला. लोक हसले, आमची इज्जत गेली, म्हणून ओरडला. फोटोवाला म्हणाला, "माफ करा भाऊ, जल्दीत झालं. उद्या बराबर करून पाठवतो." दुसऱ्या दिवशी त्यानं ओव्यांचा तेवढा तुकडा मोबाइलवर पाठवला. मी पाहिला, मला बरा वाटला. ओवी सुरू होताना तोंड उघडायचं, संपताना मिटायचं. मधे थोडी गडबड, पण हसण्यासारखं काही नव्हतं. गाणं संपलं की चित्रही संपत होतं.

भाचीनं पाहिला आणि मोबाइल माझ्या मांडीत टाकला. डोळे लाल झाले. तिनं हातानं कापल्यासारखं केलं, कच कच कच. पुन्हा बोट हनुवटीला लावलं. आईला कापलं.

मी पुन्हा लावून तोंडाकडंच बघत बसले. तेव्हा दिसलं. बहिणीचं तोंड मधेमधे उडत होतं. उघडं असायचं ते एकदम मिटलेलं. फोटोवाल्यानं आवाजाशी मेळ बसवायला तोंडाचे तुकडे काढून टाकले होते. आम्हा ऐकणाऱ्यांचं काम झालं होतं. जी बघूनच ऐकते, तिच्यासाठी शब्दच तोडून टाकले होते.

बाजाराच्या दिवशी मी माझ्या गावाहून, तीर्थपुरीहून निघाले आणि वाटेत भाचीला घेऊन कुंभार पिंपळगावला गेले. भाच्याला वेळ नव्हता. म्हणाला, "मावशी, व्हिडिओ नीट झाला ना आता? मंग कशाला जाता?" त्याला समजावत बसायला मला वेळ नव्हता.

स्टुडिओ म्हणजे एक गाळा, अर्ध्यात पडदा, अर्ध्यात संगणक. फोटोवाल्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी म्हणाले, "चहा राहू दे. आधी बहिणीचं तोंड दाखव. न कापलेलं."

तो म्हणाला, "खाला, आता तर मेळ बसला ना? का अजून आवाज पुढं वाटतो?"

"मला न्हाई वाटत. हिला वाटतंय."

त्यानं भाचीकडं पाहिलं आणि हळूच मला म्हणाला, "पण आपाला तर ऐकू येत न्हाई. आवाज पुढं का मागं, तिला कसं कळणार?"

"ती आवाजाचं बोलतच न्हाई," मी म्हणाले. "ती तोंडाचं बोलून राह्यली."

भाचीला आमचं बोलणं दिसलं असावं. ती पुढं झाली. हनुवटीला बोट लावलं. मग एक हात हवेत असा हळूहळू ओढला, जसा चिखलातून पाय काढावा. आणि जोरात मान हलवली. आई अशी नव्हती. मग बोटं चटचट मिटून-उघडून दाखवली. आई अशी.

फोटोवाल्यानं तिचा हात बघितला. चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "हळू हाय म्हणते का ती? आवाज पुढं न्हाई, चित्र हळू?"

तेराव्यापासून आम्ही सगळे आवाजाला दोष देत होतो, तोही आवाजच मागंपुढं सरकवत बसला होता.

मला एकच भीती होती, की मूळचं चित्र त्यानं पुसलं तर नाही. लग्नं उरकली की हे लोक जागा करायला जुनं सगळं पुसतात. मी विचारलं. तो म्हणाला, "अल्बम न्यायला तुम्ही आलेच न्हाई, म्हणून ठेवलंय. अल्बम नेल्यावर मी पुसतो." अल्बम आणायला जायचं होतं त्या आठवड्यातच बहीण गेली होती.

त्यानं मूळच्या क्लिपा उघडल्या. एकीवर बोट ठेवलं, काहीतरी वाचलं. दुसरीवर ठेवलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"खाला, हे तीसवर हाय."

"काय तीसवर?"

त्यानं सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. व्हिडिओ म्हणजे नुसते फोटोच, एकामागं एक, भराभर. त्याचा कॅमेरा एका सेकंदात पंचवीस फोटो काढतो. मेहुणा मोबाइलवर टाकायचे छोटे व्हिडिओ करतो, म्हणून त्याचा कॅमेरा तीसवर लावलेला होता. दोन्ही जोडताना संगणकाला सांगावं लागतं, कुणाचे किती. याला नवरीचं चालणं तरंगल्यासारखं करायचं होतं. त्यासाठी ते त्यानं मुद्दाम पन्नासनं काढलं होतं. सेकंदाला पन्नास काढायचे आणि पंचवीसच्या चालीनं दाखवायचे, की माणूस निम्म्या चालीनं चालतं. मेहुण्याच्या कॅमेऱ्यातलं बहिणीचं चित्र त्याच ढिगात पडलं होतं. यानं सगळा ढीग एकदम धरला आणि संगणकाला सांगितलं, हे सगळे पंचवीस. नवरी निम्म्यानं हळू झाली, ती छान दिसली. बहिणीचे तीस पंचवीसच्या चालीनं निघाले, तर तीही हळू झाली. आवाज मात्र माइकमधून वेगळा घेतला होता, तो आपल्या चालीनं गेला. पाच मिनिटांच्या गाण्यात तोंड मिनिटभर मागं पडलं.

"नवरीच्या नादात म्हातारी हळू झाली," मी म्हणाले.

"हो खाला."

मला ते नवं वाटलं नाही. जातं दोघी ओढतात तेव्हा दोघींची चाल एक लागते. एकीनं घाई केली की खुंटा दुसरीच्या हातात बसतो, आणि पीठ कुठं जाडं कुठं बारीक पडतं. मी आणि बहीण लहानपणी एका जात्यावर बसायचो. ती माझ्यापेक्षा भरभर ओढायची. मी तिला शिव्या द्यायची. ती कधी हळू झाली नाही, मलाच हात उचलावा लागायचा. आणि या गड्यानं तिला हळू केली.

त्यानं बटणं दाबली. तुकडे केलेलं सगळं काढून टाकलं, मूळ क्लिप पुन्हा घेतली आणि यावेळी तिला तीसच सांगितलं. माइकचा आवाज खाली लावला.

बहीण बोलली.

दुसरं काय लिहू? तिनं माइकला हात लावला, घसा खाकरला आणि गायला लागली. तोंड आणि आवाज एका जागी होते. तिची मान डावीकडं झुकायची तशी झुकली. ओवीच्या शेवटी ती ओठ आत ओढायची, दात नव्हते म्हणून, तसे तिनं ओढले. मी खुर्चीचा हात धरून बसले. पडद्यामागं त्याच्या कामाचा पोरगा कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो काढत होता, त्याचा उजेड दोनदा पडला.

भाची संगणकाच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. ती आवाजाची वाट बघत नव्हती. ती ओव्या वाचत होती आणि तिचे ओठ आईच्या ओठांबरोबर हलत होते. जात्यावर पाठमोरी बसली होती ना, त्यामुळं त्यातली एकही ओवी तिनं तेव्हा पाहिलेली नव्हती. आज पहिल्यांदा बघत होती.

गाणं संपलं. आवाज थांबला. जात्याची घरघर राहिली.

आणि बहिणीचं तोंड पुन्हा हलायला लागलं.

फोटोवाला म्हणाला, "आँ? अजून उरतंय?" त्यानं मान पुढं काढली. "आता तर चाल बराबर हाय. काय माहीत कुठं चुकतंय. थांबा, एवढं शेवटचं उडवून टाकतो."

त्यानं माउसला हात घातला आणि भाचीनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात जात्याचा, कापसाचा हात आहे. त्याला तो सोडवता आला नाही.

मलाही तेव्हाच कळलं. उरलं काहीच नव्हतं. आता मशीन बराबर होतं. बहीण त्या दोघींचं नेहमीचं बोलणं बोलत होती, बिनआवाजाचं. तेराव्याला मी म्हणाले होते मशीन बिघडलं, आणि भाची म्हणत होती आई माझ्याशी बोलते. दोन्ही खरं होतं.

मी म्हणाले, "उडवू नको. पुन्हा लाव."

त्यानं लावलं. बहीण भिंतीशी बसलीय. गाणं संपवून तिनं पदरानं तोंड पुसलं. समोर बघितलं, म्हणजे भाचीच्या पाठीकडं. ओठ हलवले. थांबली. मान थोडी वाकडी केली, पोरीचं तोंड दिसतंय का बघायला. पुन्हा ओठ हलवले. मी चित्रात कुठंच नव्हते, म्हणजे तोवर उठून गेले असणार. मांडीजवळच्या झाकलेल्या ताटावर तिनं हात ठेवला, बोटांनी ते टिचकावलं, जसं पोरीला ऐकू जाणार होतं. तिसऱ्यांदा ओठ हलवले. मग कॅमेऱ्याकडं बघितलं, लोक बघतायत हे ध्यानात आल्यासारखं, आणि पदर तोंडावर घेतला. चित्र संपलं.

भाचीनं बोट वर केलं. पुन्हा. फोटोवाल्यानं पुन्हा लावलं. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यानं त्यांना हातानंच परत पाठवलं.

शेवटी मी भाचीचा खांदा हलवून माझ्याकडं वळवलं. "काय म्हणती?"

भाची आवाज काढत नाही. लहानपणी पोरं चिडवायची तेव्हापासून काढत नाही. त्या दिवशी काढला. जाड, तुटका, लोक बघतील असा.

"जेव," ती म्हणाली. "ऊठ. जेव."

मग खुणांनी पुढचं सांगितलं. सकाळपासून बसलीस. पाठ दुखेल. भाकर झाकून ठेवलीय. ऊठ.

एवढंच. तीन वेळा तेच. मी समजत होते काही मोठं असेल. लेकीच्या लेकीचं लग्न, काही आशीर्वाद, काही निरोप. तसं काही नव्हतं. पोर उपाशी आहे, हे आईला दिसलं होतं. त्या दिवशी भाची रात्रीपर्यंत जेवली नव्हती, ते मला माहीत आहे. नवरीची आई जेवते कुठं. आणि भाकर कुठं गेली, तेही मला माहीत आहे.

भाचीनं मला विचारलं नाही. मी सांगितलं. ताट मी उचललं होतं, भाकर वाळली होती, कुत्र्याला टाकली. तिनं माझं तोंड नीट बघितलं. मग आठ्यांची खूण केली, माझी, आणि माझा हात धरून बसली.

फोटोवाला म्हणाला, "खाला, हे शेवटचं ठेवू का व्हिडिओत? लोक पुन्हा हसतील."

मी भाचीकडं पाहिलं. तिनं त्याचं बोलणं वाचलं होतं. तिनं नाही म्हटलं. सगळ्यांच्या व्हिडिओत नको. तिनं आपला मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला आणि दोन बोटांनी दाखवलं, एवढंच.

त्यानं ते वेगळं काढून तिच्या मोबाइलवर दिलं. जात्याची घरघर त्यातून काढून टाकू का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, "तिला काय करायचंय घरघरीचं." मग म्हणाले, "राहू दे. मला ऐकायची आहे."

परत येताना जीपमध्ये दाटी होती. भाची खिडकीशी बसली होती, मोबाइल मांडीवर, उघडा. समोरची एक बाई वाकून बघायला लागली आणि मला विचारलं, "आवाज का येईना त्याच्यातून? बिघडला का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बराबर हाय."

घरी आल्यावर मी चूल पेटवली आणि दोन भाकरी टाकल्या. भाचीपुढं ताट ठेवलं आणि तोंड मोठं करून म्हणाले, "जेव." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझं तोंड तिला नीट वाचता येत नाही, मी ओठ फार कमी उघडते, असं ती नेहमी म्हणते. तरी जेवली. अर्धी भाकर ठेवली.

माझी एकच बहीण होती. ती गेली. भाची आहे. मी आहे.